बेलझरीचा राजीनामा

नागपूर,
१३ जुलै २००९

चि. लोकेंद्र,

शनिवार, दि. ११ जुलै २००९, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बेलझरीत माझ्या भाताच्या बांधीतली चिन्नोर धानाची कोवळी रोपे, सगळे पऱ्हे, नांगराखाली गेले. नांगर तुझा, बैल तुझे, हाकणारा तू. वेळ मला मुन्नालालने सांगितली. त्याची पिठाची गिरणी बांधीच्या समोर आहे आणि वीज गेली की समोर पाहण्याशिवाय त्याला काम नसते. "बाई, यंदा चिन्नोर नाही लावून राहिले का?" एवढे विचारायला त्याने फोन केला. मी म्हटले, लावतो आहोत की. तो म्हणाला, "मंग काऊन मोडले पऱ्हे?" मी फोन ठेवला आणि कागद घेतला.

मी तुला फोन करणार नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी एकतीस वर्षे काढली. माणसे फोनवर काय बोलतात आणि दुसऱ्या दिवशी कसे कानावर हात ठेवतात, हे मला कोणी शिकवू नये. त्यामुळे जे काय आहे ते लेखी.

तुला आठवण नसेल तर सांगते. बांधी माझ्या नावावर आईने केली. हा चिन्नोर आईच्या माहेरचा, बालाघाटकडचा. दाण्याच्या टोकाला काळा ठिपका असतो, आणि वास दुरून येतो. बाजारात चिन्नोर म्हणून जे विकतात ते हे नव्हे. ते खाऊन पाहिले आहे मी, पुठ्ठ्याची चव लागते. अक्षय्य तृतीयेला तू आलास तेव्हा होते नव्हते ते सगळे बियाणे मी तुझ्या पिशवीत ओतले. माझ्याकडे आज मूठभरही नाही. तू पेरलेस, उगवले, आणि तूच मोडलेस.

आता त्या बांधीत काय टाकले आहेस? आणि कोणाला विचारून?

आशीर्वाद उत्तर आल्यावर.

दुर्गेश्वरी टेंभरे

*

बेलझरी, पो. कामठा,
१७ जुलै २००९

ती. आत्याबाई,

तुम्हाला पायलागू.

तुमचे पत्र काल मिळाले. मुन्नालालला दळण कमी आणि दुसऱ्याची चौकशी जास्त, हे तुम्हाला माहीत आहे. पण पऱ्हे मोडले ही गोष्ट खरी आहे.

मृग कोरडा गेला. आर्द्रा लागला तेव्हा दोन दिवस बरसला आणि गेला तो गेलाच. पऱ्हे पिवळे पडले होते. रोवणीला काही उपयोग नव्हता. म्हणून मोडून तिथेच हलका धान टाकला. हलका लवकर निघतो. चिन्नोर पडला जड, तो कार्तिक पुनवेनंतरही पाणी मागतो, आणि तलावात यंदा तेवढे पाणी नाही. नुसता गाळ दिसून राहिला आहे.

दुसरे म्हणजे, गावात सगळ्यांचा राजीनामा झाला. त्यात तुमच्या बांधीचाही राजीनामा मी लिहून दिला. तुम्ही नागपूरला, म्हणून सही मीच केली. तुम्ही काळजी करू नये.

सोनिका बरी आहे. ती तुमची आठवण काढते.

तुमचा,
लोकेंद्र

*

नागपूर,
२१ जुलै २००९

लोकेंद्र,

'चि.' मुद्दाम लिहिलेले नाही.

तू माझ्या बांधीचा राजीनामा दिलास? आणि वर मी काळजी करू नये?

मी नोकरीचासुद्धा राजीनामा दिला नाही. साहेब तीन वेळा द्या म्हणाले, तरी दिला नाही. वय झाल्यावर हार घालून बाहेर पडले. आमच्या शेजारी एक म्हातारे वकील राहतात. त्यांना मी तुझे वाक्य वाचून दाखवले. ते म्हणाले, महसुलाच्या जुन्या कागदांत राजीनामा म्हणजे जमिनीवरचा हक्क सोडून देणे. मी विचारले, दुसऱ्याच्या जमिनीचा राजीनामा तिसऱ्याला देता येतो का? ते चष्मा काढून म्हणाले, "बाई, देता येत नाही, पण लोक देतात."

कोणाला दिलीस जमीन? कोणासमोर सही केलीस? माझ्या नावाची केलीस की तुझ्या?

आणि एक. मी मुन्नालालला पुन्हा विचारले, पऱ्हे पिवळे होते का. तो म्हणाला, "नाही बाई, पोपटासारखे होते." विहीर शेजारी असताना पऱ्हे पिवळे पडतातच कसे, हा प्रश्न मला आधीच सुचायला हवा होता. म्हणजे तू माझ्याशी खोटे बोललास, आणि तेही पाऊस मध्ये घालून.

तुझा बाप माझ्यापेक्षा धाकटा होता. चूक केली की तो निदान समोर येऊन उभा राहायचा. शनिवारपर्यंत खरे काय ते लिहून पाठव. नाही तर मी वकीलसाहेबांना घेऊन तहसीलला जाते. ते चालायला हळू आहेत, पण जातात.

दु. टें.

*

बेलझरी,
२५ जुलै २००९

आत्याबाई,

पायलागू. हे पत्र मी लिहून राहिली आहे, तुमची सून सोनिका. यायले माहीत नाही.

तुमचं पत्र यायनं वाचलं आन् पानावरून उठून गेले. तेव्हापासून लिहाले बसतात आन् कागद फाडतात. म्हनून मलेच लिहा लागलं.

पयलं म्हंजे जमीन कुठंच गेली नाही. राजीनामा म्हंजे तसा नाही हो. आमच्याकडे कोर्टात भांडन मिटलं का राजीनामा झाला म्हनतात. सगळे राजी झाले, तो राजीनामा. सगळ्यायनं ठरवलं का यंदा तलावाखाली कोनी जड धान लावाचा नाही, सगळ्यायनं हलकाच लावाचा. तुमच्या बांधीसाठी हे राजी झाले. एवढंच.

पऱ्हे पिवळे नव्हते. ते खोटं आहे. मुन्नालालकाका खरं बोलले, पन अर्धंच.

झालं असं. तलावाच्या पाळीवर सभा होती. भोजराजभाऊ पटले पानीवाटपाचे अध्यक्ष आहेत. ते म्हनले, पानी कमी आहे, कार्तिक पुनवेनंतर तुडूम, तलावाचं दार, उघडाचा नाही. हे म्हनले, "माह्या आत्याची एक बांधी राहू द्या. ते बाई दुसरा भात खात नाही."

भोजराजभाऊ म्हनले, "काऊन? नागपूरले गॅसवर दुसरा भात शिजत नाही का?"

सगळे हासले. हेही थोडे हासले, का करतील.

मंग भोजराजभाऊ हासले नाही. म्हनले, "मागंही एकच बांधी होती, लोकेंद्र. त्या एकासाठी पुनवेनंतर पानी सोडलं. पानी काय उडत जाते? या बांधीतून त्या बांधीत जाते. माह्या भावाचा धान कापून पडला होता, कडपा तरंगल्या. दाना जाग्यावर उगवला. वर्षभर त्याच्या लेकरायनं तोच कुबट भात खाल्ला."

आत्याबाई, ते खरं आहे. मी तेव्हा नवीन लग्न होऊन आली होती, मी तो वास घेतला आहे.

हे म्हनले, बरं, नाही लावत. सही केली. तं कोनी तरी मांगून म्हनलं, आज सही करते, उद्या रोवते, पऱ्हे तं हिरवेगार उभे आहेत. भोजराजभाऊ म्हनले, "मंग मोडून दाखव." आन् सगळे उठून संगं आले पाहाले. अर्धं गाव बांधीच्या कडंले धुऱ्यावर उभं होतं. हे नांगर हाकून राहिले होते आन् लोक पाहून राहिले होते. संध्याकाळी मले म्हनले, "आत्याले पावसाचं सांगू. गावानं उभं करून मोडाले लावलं, हे तिले ऐकाले नको." तुमाले वाईट वाटेल म्हनून खोटं बोलले. स्वतःलेही लाज वाटली असंल.

आता खरी गोष्ट. मी बायांत बसली होती. सही झाली तेव्हाच समजली का आता पऱ्हे राहत नाहीत. मी उठून पयले पोहोचली. दोन टोपले पऱ्हे उपटले, वरून गवत टाकलं. शेजारीन शामकला वाटेत भेटली. म्हने, "काय वो, गवत एवढं पोपटी?" मी म्हनलं, "बकरीले सुकलं आवडत नाही, तिचे लाड आहेत."

न्हानीच्या मांगं वाफा केला, तिथं रोवले. आंघोळीचं आन् भांड्याचं पानी तिथंच जाते. तलावाचा एक थेंब नाही. हे तिकडं येत नाहीत, घरामांगची बाडी बायांची. धान जगला तं बियान्यापुरता होईल.

यायले सांगू नका. यायनं चार लोकांत शब्द दिला आहे. आन् तहसीलले जाऊ नका.

सोनिका

*

नागपूर,
२९ जुलै २००९

चि. सोनिका,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मी दोनदा वाचले आणि मग चहा केला.

वकीलसाहेबांना मी परत पाठवले. ते थोडे हिरमुसले. त्यांनी कोट इस्त्रीला दिला होता. हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोड, हे मला ठाऊक असायला हवे होते. मी जबलपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये वाढले, बाहेर सगळी हिंदीच. पण आमच्या हॉस्टेलात राजीनामे होत नसत, शिक्षा होत असे. हिंदीतली आणि मराठीतली, दोन्ही एकाच वेळी.

आता नीट वाच. भोजराजचा नियम बरोबर आहे. एका बांधीसाठी दहा बांध्या भिजवणे हे पाप आहे, आणि मला समोर बसवून कोणी हे सांगितले असते तर मी स्वतः हलका टाका म्हटले असते. पण मला कोणी सांगितले नाही. जमीन माझी, राजी झाला लोकेंद्र, हसले बाकीचे. आणि 'मोडून दाखव' हा नियम नव्हे. माणसाने सही केल्यावर त्याच्याकडून पुन्हा तमाशा मागायचा, हे मी विसरणार नाही. माझ्या गॅसवर काय शिजते ते भोजराजने कधीतरी येऊन पाहावे. मी वाढेन. बोलणार नाही, पण वाढेन.

लोकेंद्रला मी काही लिहिणार नाही. हे मला पटत नाही, तरी लिहिणार नाही. त्याला फक्त इतके सांग की आत्याबाईंना राजीनाम्याचा अर्थ समजला, आणि पावसाबद्दलही समजले. तो समजून घेईल.

वाफ्यात साबणाचे पाणी जाऊ देऊ नकोस. कपडे दुसरीकडे धू. आणि बकरीला आवर.

तुझी,
आत्याबाई

*

बेलझरी,
२४ ऑक्टोबर २००९

ती. आत्याबाई,

हे पत्र मुन्नालालच्या हाती देत आहे. तो आज नागपूरला गिरणीचा पट्टा आणायला येत आहे. पोस्टाने पोहोचायला वेळ नाही.

न्हाणीमागच्या वाफ्याबद्दल तुम्हाला जुलैपासून माहीत होते. मला चार दिवसांपूर्वी कळले. तेही भोजराजभाऊच्या तोंडून.

मंगळवारी ते आमच्या अंगणात लग्नाची पत्रिका द्यायला आले. चहा हातात होता. मधेच थांबले. म्हणाले, "लोकेंद्र, हा वास कशाचा?" मी म्हटले, कशाचा? ते म्हणाले, "माह्या नाकाले येडं बनवू नको. हा चिन्नोर निसवून राहिला आहे." कप खाली ठेवून ते सरळ न्हाणीच्या मागे गेले. मी मागून गेलो. छातीएवढा धान उभा होता, लोंब्या बाहेर पडत होत्या. माझ्या घरात, आत्याबाई, आणि मला माहीत नव्हते. मी रोज दहा हातांवर आंघोळ करतो.

ते म्हणाले, "मोडून दाखवला ना? वा." आणि गेले. पत्रिका न देता गेले.

काल समितीने सांगितले. राजीनाम्यात लिहिले आहे, 'या हंगामात बेलझरीत कोणी जड धान लावणार नाही.' तलावाखाली असे लिहिलेले नाही, बेलझरीत असे लिहिले आहे. लिहिणारा मास्तर, त्याने घाईत लिहिले असेल, पण सही माझी आहे. वाफा उपटा, नाही तर गुरुवारी २९ तारखेला तुडूम उघडेल तेव्हा आमच्या सगळ्या बांध्यांची तोंडे बंद. तुमची आणि माझी, दोन्ही. हे शेवटचे पाणी आहे. हलका धान आता दाण्यात दूध भरून राहिला आहे. हे पाणी चुकले तर पोचट निघेल. घरात खायचा तोच आहे आणि विकायचाही तोच.

मी सोनिकाला म्हटले, उपट. ती म्हणाली, "तुमी मोडले तेव्हा मी काही बोलली का? आता मी उपटत नाही." तेव्हापासून ती स्वयंपाक करते, वाढते, आणि बोलत नाही.

मी स्वतः उपटू शकतो. पण एकदा ते काम मी केले आहे. त्या दिवशी धुऱ्यावर जे लोक होते, त्यांतला कोणी मला अजून 'मोड्या' म्हणतो, कोणी आता 'लपव्या' म्हणतो. दोन्ही नावे मला तुमच्या एका पायलीभर धानापायी पडली. तुम्ही दोघींनी मिळून मला गावात खोटे पाडले. मी रागाने लिहून राहिलो आहे, माफ करा, पण खोडणार नाही.

सोनिका तुमचे ऐकेल. तिला लिहा की उपट.

लोकेंद्र

*

बेलझरी,
सोमवार, २६ ऑक्टोबर २००९

श्री. भोजराज पटले,
अध्यक्ष, पाणीवाटप, बेलझरी यांस,

वरचे गाव वाचून दचकू नका. तुमच्या घरापासून चौथ्या घरात, न्हाणीच्या मागे, खाटेवर बसून मी हे लिहिते आहे. मुन्नालालच्या हातून लोकेंद्रचे पत्र मिळाले आणि काल दुपारच्या गाडीने मी गोंदियाला उतरले.

लोकेंद्र मला घ्यायला स्टेशनवर आला. घरी आल्यावर विचारले, "आत्याबाई, उपटाले सांगाले आल्या का?" मी म्हटले, "आधी खाट बाडीत टाक." त्याने टाकली. सोनिकाने चहा आणला. नवरा-बायको दोन दिवसांनी एका जागी उभे राहिले, दोघेही माझ्याकडे पाहत. एकमेकांकडे नाही.

आता तुमच्याशी.

तुमच्या भावाच्या कापलेल्या धानाच्या कडपा पाण्यात तरंगल्या, ते सोनिकाने मला कळवले आहे. तुमचा नियम योग्य आहे. म्हणून माझ्या बांधीत हलका धान उभा आहे, आणि तो मला मान्य आहे. जुलैत सही लोकेंद्रने केली होती, ती चालणार नाही. मालक मी आहे. मास्तरांना सकाळी घरी बोलावून राजीनाम्याचा कागद मागवला आणि लोकेंद्रच्या सहीखाली माझी सही केली. आता तुमच्या राजीनाम्याने मी बांधलेली आहे. पुढच्या सभेला मला बोलवावे लागेल, आणि मी येते, हे लक्षात असू द्या.

कागद मी वाचला. 'बेलझरीत' असेच लिहिले आहे. मास्तरांना विचारले, तुम्हाला कोणी काय लिहायला सांगितले होते? ते म्हणाले, "तलावाखाली. पण मी गावाचं नाव टाकलं, कागद चांगला दिसते." एका मास्तरला कागद चांगला दिसावा म्हणून कोणाच्या न्हाणीचे पाणी तुमच्या समितीच्या ताब्यात येत नाही. आणि तरीही शब्द तो आहे आणि सही खरी आहे, म्हणून मी त्यावर वाद घालणार नाही. तुम्हीच ठरवा. तलावाचे पाणी वाचवायला तुम्ही हा नियम केलात की वाकायला लावायला, हे ठरवणे तुमचे काम आहे.

तुम्हाला कोणी सांगितले असेल की म्हातारी बियाणे वाटून गावाला खूश करेल. करणार नाही. हा धान राहिला तर लोकेंद्रच्या घरी राहील. तुम्ही मागितलात तर देईन, कारण मागणाऱ्याला बियाणे नाकारत नाहीत; पण पाण्याच्या बदल्यात एक लोंबीसुद्धा नाही.

आज सकाळी सोनिकाने वाफ्याच्या कडेला उभे राहून विचारले, "मी उपटू का? तुमी म्हनाल तं उपटते." लोकेंद्र दारात होता. त्याने ते ऐकले आणि म्हणाला, "तू नको." इतकेच. तीन दिवसांतला तिच्याशी बोललेला पहिला शब्द. माझे इथे येण्याचे भाडे तिथेच वसूल झाले.

म्हणून माझे म्हणणे असे. तुम्ही एका कागदावर दोनपैकी एक लिहा. 'राहू द्या' किंवा 'उपटा'. खाली तुमची सही. निरोप चालणार नाही, मान हलवलेली चालणार नाही, आणि मुन्नालालकडून आलेले तर अजिबात चालणार नाही.

'राहू द्या' लिहिलेत तर धान पिकेपर्यंत त्याला न्हाणीचेच पाणी मिळेल, एक घागरही जास्त नाही. तुम्ही केव्हाही येऊन पाहा. लग्नाची पत्रिकाही त्याच फेरीत आणा.

'उपटा' लिहिलेत तर मी उपटीन. लोकेंद्र नाही, सोनिका नाही. आईचे बियाणे आहे, मालकीण मी आहे, सही माझी आहे, आणि हातही माझेच लागतील. दिवसाढवळ्या उपटीन. धुऱ्यावर उभे राहायला तुम्ही अर्धे गाव बोलावलेत तरी हरकत नाही, फक्त सगळ्यांत पुढे तुम्ही उभे राहा, कारण शब्द तुमचा असेल. लोंब्या अर्ध्या बाहेर आल्या आहेत, दाणा धरलेला नाही. आता उपटले की हे वाण संपले, कोठेही पुन्हा मिळणार नाही. हे मी तुम्हाला धमकी म्हणून सांगत नाही. लिहिण्याआधी तुम्हाला माहीत असावे म्हणून सांगते.

कोणतेही उत्तर आले तरी गुरुवारी आमच्या बांध्यांची तोंडे उघडी राहतील. हलका धान तुमच्याच राजीनाम्याने लावला आहे. त्याचे पाणी अडवलेत तर राजीनामा तुम्ही मोडलात असे मी समजेन, आणि तसे प्रत्येक सही करणाऱ्याच्या दारी जाऊन वाचून दाखवीन. माझा आवाज अजून चांगला आहे.

मी इथेच बसलेली आहे. उत्तर लेखी, तुमच्या हस्ताक्षरात, बुधवार, दि. २८ ऑक्टोबर २००९, संध्याकाळी पाच वाजण्यापूर्वी माझ्या हातात पडले पाहिजे.

(कु.) दुर्गेश्वरी टेंभरे
बांधीची मालकीण